पाणी न लागणारे किडे

अळूच्या पानावर पाण्याचा थेंब कसा धावतो हे तुम्ही पाहिलेच असेल. पान हलवावे तसा थेंब मोत्यासारखा इकडून तिकडे पळतो. पण पान काही ओले होत नाही. हाच खेळ एखाद्या किड्याच्या पाठीवर चाललेला तुम्ही पाहिला आहे का? मी तो गेल्या वर्षी आश्विन महिन्यात पाहिला. गेली अनेक वर्षे मी महाविद्यालयात पृष्ठताण शिकवते आहे. पण तो आपल्या अंगणातील एक भांडण सोडवील असे मला कधी वाटले नव्हते.

कल्याण-नगर महामार्गावर ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान आमचे पिंपरी पेंढार हे गाव आहे. माळशेज घाटात धो धो कोसळणारा पाऊस येथवर येईतो बराच विरळ होतो. आमच्या घराच्या पुढच्या पडवीत सासूबाईंची बाग आहे. बाग म्हणजे काय, तर तेलाचे रिकामे डबे, रंगाच्या बादल्या आणि दोन फुटके माठ. त्यांत जास्वंद, मिरची, गुलाब आणि गवती चहा. मधोमध तुळशीवृंदावन. वृंदावन तरी काय, एक मोठी कुंडीच ती!

दसऱ्याला गावी गेले तेव्हा तुळशीची रया गेली होती. शेंडे आखडले होते, पाने पिवळी पडली होती आणि पानांच्या बेचक्यांत पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसत होता. माझे दीर टोमॅटोचे पीक घेतात. ते म्हणाले, “वहिनी, टोमॅटोचं औषध उरलंय. दोन टोपणं पाण्यात टाकून मारतो, दोन दिवसांत साफ.” सासूबाई कडाडल्या, “जिचं पान पोरांच्या तोंडात घालते, तिच्यावर इख मारतोस व्हय रं?” तुळशीचे लग्न महिन्याभरावर आले होते. दोघांचेही म्हणणे मला पटत होते. कीड घालवायला तर हवी होती. पण औषध म्हणतो ते विष तुळशीवर नको होते.

इतक्यात नववीतल्या पुतणीने तांब्यातील पाणी तुळशीवर शिंपडले आणि ती ओरडली, “काकू, बघा ना! यांना पाणी लागतच नाही!” खरेच, पांढऱ्या किड्यावर पडलेला थेंब गोल होऊन घरंगळून गेला. किडा कोरडा तो कोरडाच!

रस पिणारे पाहुणे

भिंग घेऊन आम्ही सगळ्या कुंड्या तपासल्या. तुळशीवर आणि जास्वंदीवर पिठ्या ढेकूण होते. अंगावर पीठ माखल्यासारखे दिसतात म्हणून हे नाव. मिरचीच्या कोवळ्या शेंड्यांवर हिरव्या माव्याची दाटी होती. दिसायला हे कीटक वेगळे असले तरी दोघांचा धंदा एकच. सुईसारखी सोंड पानात किंवा देठात खुपसायची आणि रसवाहिनीतील रस प्यायचा.

वनस्पतीच्या रसवाहिनीत साखरेचे पाणी चांगल्याच दाबाखाली असते. हा दाब मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबापेक्षाही पुष्कळ जास्त असू शकतो. म्हणजे माव्याला रस ओढण्याचे फारसे कष्टच नाहीत. नळ उघडावा तसा रस आपोआप येतो. केनेडी आणि मिटलर या शास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये रस पिणाऱ्या माव्याची सोंड मधोमध कापली. मावा बाजूला झाला तरी उरलेल्या तुकड्यातून रस कित्येक तास पाझरत राहिला! वनस्पतीचा शुद्ध रस मिळवण्याची ती एक पद्धतच होऊन बसली.

या रसात साखर भरपूर, पण शरीर घडवायला लागणारी नत्रयुक्त द्रव्ये फार थोडी. म्हणून किड्याला पोटभर नव्हे, पोटापेक्षा जास्त प्यावे लागते आणि नको असलेली साखर मागून टाकावी लागते. पानांवर जो चिकटा दिसतो तो हाच. त्यावर काळी बुरशी वाढते, पानाला ऊन मिळेनासे होते. चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि आपल्या या ‘दुभत्या जनावरांची’ राखणही करतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. दिरांनी मध्यंतरी प्रत्येक कुंडीत मूठभर युरिया टाकला होता. त्यामुळे शेंडे लुसलुशीत झाले आणि रसातील नत्र वाढले. किडींना जणू पक्वान्नांचे ताट वाढले गेले! शिवाय सगळ्या आजारी कुंड्या छपराखाली होत्या. अंगणात उघड्यावर, पाऊस खात असलेल्या दोन डब्यांतील मिरचीवर मावा जवळजवळ नव्हता. पावसाच्या माऱ्याने तो धुऊन गेला असावा. कुंडीतील झाडाचे दुखणे हे बहुधा आपण दिलेल्या जागेचे आणि खताचेही दुखणे असते.

लहान असण्याची किंमत

आता पुतणीच्या प्रश्नाकडे वळू. या किड्यांना पाणी का लागत नाही? त्याआधी विचारू, लागले तर काय होईल?

आपण आंघोळ करून बाहेर येतो तेव्हा अंगावर पाण्याचा पातळ थर असतो. तो ०.३ मिलिमीटर जाडीचा आहे असे समजा. आपल्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे १.६ चौरस मीटर धरले तर हे पाणी अर्धा किलोच्या आसपास भरते. पन्नास किलोच्या माणसाला त्याचे काय ओझे! आता २ मिलिमीटर व्यासाचा एक गोल मावा कल्पनेत आणा. त्याची त्रिज्या १ मिलिमीटर. तेवढाच थर त्याच्यावर बसला की त्रिज्या १.३ मिलिमीटर होईल. घनफळ त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि १.३ चा घन सुमारे २.२ येतो. म्हणजे माव्याने स्वतःच्या वजनाच्या सव्वापट पाणी अंगावर घेतले! पिठ्या ढेकणाचे नुकते जन्मलेले पिल्लू तर जेमतेम ०.३ मिलिमीटरचे असते. त्याच्या बाबतीत हे प्रमाण किती येते ते तुम्हीच काढा. उत्तर २६ आले तर तुमचे गणित बरोबर आहे.

प्राणी जितका लहान, तितके पाणी त्याला घातक, हा विचार जे. बी. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञांनी १९२६ मधील एका निबंधात मांडला होता. हेच हॉल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, येथेच राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले.

तेव्हा किड्यांनी पाण्यापासून बचाव करणे ओघाने आलेच. त्यांच्या त्वचेवर मेणाचा लेप असतो. पिठ्या ढेकणाच्या अंगावरचे ‘पीठ’ म्हणजे हेच मेण. पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ मोठी, मेणाची मात्र फारच कमी. म्हणून पाणी मेणावर पसरत नाही. आपला पृष्ठभाग शक्य तितका आखडून घेते आणि थेंब होऊन बसते. पृष्ठभागाच्या या आखडण्याच्या ओढीलाच पृष्ठताण म्हणतात. २५ अंश सेल्सिअस तापमानाला पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो.

कीटकाला आपल्यासारखे नाक नसते. त्याच्या शरीराच्या बाजूंना बारीक श्वसनरंध्रे असतात. मग तेथून पाणी आत का शिरत नाही? समजा, एका रंध्राची त्रिज्या ५ मायक्रोमीटर आहे आणि मेणावर पाण्याचा स्पर्शकोन ११० अंश आहे. पृष्ठताणाची दुप्पट करून तिला स्पर्शकोनाच्या कोसाइनने गुणा आणि त्रिज्येने भागा. सुमारे ९,८०० पास्कल दाब मिळतो, तोही ऋण चिन्हासह. याचा अर्थ असा की, पाणी आपण होऊन आत जाणार नाही. ते ढकलायला सुमारे एक मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका दाब लागेल. तांब्याने शिंपडून ते कसे साधणार?

साबण काय करतो?

साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला चिकटते, तर दुसरे लांब शेपूट तेल आणि मेण यांच्याकडे ओढले जाते. असे असंख्य रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर गर्दी करतात. पृष्ठताण ७२ वरून २५ ते ३० पर्यंत उतरतो आणि मेणावरचा स्पर्शकोनही कमी होतो. तो ९० अंशांच्या खाली आला की कोसाइनचे चिन्ह बदलते. ज्या रंध्रात पाणी ढकलावे लागत होते तेथे आता ते केशाकर्षणाने आपोआप ओढले जाते!

किडा गुदमरतो तो असा. पण तेवढेच नाही. साबण त्याच्या अंगावरचे मेण विस्कटतो, त्वचेखालच्या पेशींची आवरणे बिघडवतो आणि मग शरीरातील पाणी उडून जाऊन किडा सुकतो. हे सारे साबणाचे पाणी ओले असेपर्यंतच घडते. वाळल्यावर त्याचा प्रभाव जवळजवळ संपतो. हा त्याचा दोष आणि हाच गुणही. दोष अशासाठी की, ज्या किड्याला पाणी प्रत्यक्ष लागले नाही तो वाचतो. गुण अशासाठी की, झाडात विष उरत नाही.

दिरांच्या औषधाची गोष्ट वेगळी होती. ते आंतरप्रवाही होते, म्हणजे पानातून रसात मिसळणारे. फवारलेले पान नंतर धुतले तरी आतले विष कसे धुऊन निघणार? म्हणूनच शेतात फवारणी आणि तोडणी यांत ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात. तुळशीचे पान तर रोज सकाळी तोडले जाते आणि तिच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या येतात. सासूबाईंना रसवाहिनी ठाऊक नव्हती, पण त्यांचा नकार शास्त्राला धरूनच होता.

दोन प्रयोग फसले

मोठ्या ऐटीत मी साबण किसला, बोअरच्या पाण्यात ढवळला आणि तुळशीला हात न लावता आधी जास्वंदीवर फवारला. दुसऱ्या दिवशी पाहिले तर किडे जसेच्या तसे! सासूबाई म्हणाल्या, “अगं, त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबण कुठून फेसाळायचा?” भौतिकशास्त्राच्या नादात मी रसायनशास्त्र विसरले होते. आमचे बोअरचे पाणी दुष्फेन आहे. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावतात आणि न विरघळणारा पांढरा साका तयार होतो. साबण त्यातच खर्ची पडतो, किड्यापर्यंत पोहोचतच नाही.

दुष्फेन पाण्यातही फेस देते ती धुण्याची पावडर. मग दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी चांगली मूठभर पावडर पाण्यात कालवून फवारली. किडे मेले खरे. पण तिसऱ्या दिवशी जास्वंदीची कोवळी पानेही कडेने करपली. विचार करा, मेणाचा लेप काय फक्त किड्याच्याच अंगावर असतो? पानालाही तो असतो. पाणी राखण्यासाठी पानालाही त्याची तितकीच गरज आहे. जे किड्याचे कवच, तेच पानाचेही. फरक एवढाच की, पानाचे कवच थोडा वेळ, थोडा साबण सोसते. त्याहून तीव्र मारा झाला की दोघेही घायाळ होतात. शिवाय धुण्याच्या पावडरीत सोड्यासारखे क्षारही असतात.

“दुपारी थेंबांची भिंगे झाली आणि त्यांनी पाने जाळली,” असे दीर म्हणाले. ही समजूत पुष्कळांची आहे. हंगेरीतील संशोधकांनी २०१० मध्ये तिची परीक्षा घेतली. गुळगुळीत पानावर टेकलेल्या थेंबामागे प्रकाश एकवटतो खरा. पण तो बिंदू पानाच्या बराच पलीकडे पडतो, म्हणून पान जळत नाही. केसाळ पानावर केसांच्या टोकांशी अडकून राहिलेला थेंब मात्र चटका देऊ शकतो. आमच्या जास्वंदीची पाने गुळगुळीत. तेव्हा तेथे भिंगाचा दोष नव्हता. दुपारी पाणी भराभर उडून द्रावण तीव्र होत गेले आणि उन्हाने आधीच त्रासलेल्या पानांना ते सोसले नाही, हेच कारण अधिक संभवते.

तिसऱ्या खेपेला

त्या आठवड्यात परतीचा पाऊस आला. पुतणीने पन्हळीखाली घागर लावली. पावसाचे पाणी सुफेन. त्याच्या एका लिटरला १० ग्रॅम साधा साबण असे प्रमाण आम्ही धरले. साधा म्हणजे तेलापासून केलेला, धुण्याची पावडर किंवा डिटर्जंटची वडी नव्हे. आधी एकाच फांदीवर फवारून एक दिवस थांबलो. पान करपले नाही, हे पाहिल्यावरच पुढे गेलो.

मिरचीवरच्या माव्याला साबणही लागला नाही. नळाला लावलेल्या पाइपच्या तोंडावर अंगठा धरून पाण्याची जोरदार धार पानांच्या खालच्या बाजूने मारली आणि बहुतेक मावा खाली पडला. पडलेल्या माव्यातील फारच थोडे परत झाडावर चढू शकतात. तुळशीचे मात्र नाजूक काम होते. बेचक्यांतील कापसासारखे पुंजके साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसून काढले, फार किडलेले शेंडे खुडून पुरले आणि ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजू फवारल्या. तासाभराने साध्या पाण्याने झाड धुतले.

एवढ्याने काम झाले असे मात्र समजू नका. मावा नराशिवायच प्रजनन करतो आणि थेट पिल्ले घालतो. साधारण आठ-दहा दिवसांत पिल्लू स्वतः पिल्ले घालू लागते. एका माव्याची २० पिल्ले जगतात असे धरले तर तीन पिढ्यांत, म्हणजे महिन्याभरात, २० चे ४०० आणि ४०० चे ८,००० होतात. त्यांतील ९० टक्के तुम्ही मारले तरी ८०० उरतात आणि पुढच्या दहा दिवसांत तेच १६,००० होतील! म्हणून एकदाच जोरदार मारा करण्यापेक्षा दर पाच-सहा दिवसांनी बेताचा मारा करणे शहाणपणाचे. आम्ही तो चार वेळा केला.

हे गणित विषालाही लागू आहे. उलट विषाच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. वाचलेल्यांत विष पचवणारे जास्त असतात आणि हळूहळू साऱ्या किडीवरच ते औषध चालेनासे होते. साबणाचा घाव शरीराच्या रचनेवर, मेणावर आणि रंध्रांवर पडतो. त्याला तोंड देणे किड्याला फार अवघड जाते.

राखणदार ओळखा

फवारताना एका गोष्टीची काळजी घ्या. मिरचीवर आम्हाला ठिपक्यांचा लाल ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड भुंगेरा, आणि त्याची काळपट, मगरीसारखी दिसणारी अळी सापडली. भुंगेरा आणि अळी दोघेही मावा खातात. अशा फांदीला हात लावू नका. कुंडीवर चढणाऱ्या मुंग्या मात्र थांबवा. त्या या राखणदारांना हुसकावतात. कुंडी पाण्याच्या ताटलीतील विटेवर ठेवली की मुंग्यांची वाट बंद होते. डासांची पैदास होऊ नये म्हणून ताटलीतील पाणी रोज बदला.

या राखणदारांची ताकद केवढी असते ते आपल्या शेतकऱ्यांनी पाहिले आहे. २००२ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातील उसावर लोकरी मावा पडला आणि पाहता पाहता पसरला. उंच उसात फवारणी करणार कशी? अखेर डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस हा कीटक या माव्याच्या शत्रूंनीच त्याला आवर घातला. २००८ मध्ये कोइमतूर येथे पपईवरील पिठ्या ढेकूण भारतात प्रथम आढळला. मूळचा तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. जास्वंदही त्याला प्रिय. महाराष्ट्रातील पपईच्या बागांपर्यंतही तो पोहोचला. त्याच्यावर उपाय ठरली ती ॲसेरोफॅगस पपाये ही मिलिमीटरभरही लांब नसलेली माशी. २०१० मध्ये ती प्वेर्तो रिकोहून भारतात आणली गेली. ही माशी ढेकणाच्या शरीरात अंडी घालते आणि तिची अळी त्याला आतून खाऊन टाकते. अशा बागेत विषारी फवारा मारला तर आधी कोण मरेल, सांगा पाहू?

करून पाहा

१. अळूच्या पानावर साध्या पाण्याचा आणि साबणाच्या पाण्याचा एकेक थेंब ठेवा. मग काचेच्या पट्टीवर मेणबत्ती घासून, पट्टी आलेखकागदावर ठेवून तेच करा. दोन्ही थेंबांचे व्यास मोजा.

२. सारख्या दोन बाटल्यांत पावसाचे आणि बोअरचे पाणी निम्मे भरा. दोहोंत सारखाच किसलेला साबण टाका, वीस वेळा हलवा आणि फेसाची उंची मोजा. तुमच्या गावातील विहिरींची अशी यादी तयार करा.

३. डब्याच्या झाकणाला पिवळा रंग द्या, वाळल्यावर त्याला एरंडेल तेल लावा आणि कुंडीजवळ टांगा. पंखवाला मावा आणि पांढरी माशी पिवळ्या रंगाकडे ओढल्या जातात. त्यांच्या डोळ्यांना तो जणू अधिकच तजेलदार पान वाटतो. दर आठवड्याला चिकटलेले किडे मोजून आलेख काढा. ढालकिडे चिकटू लागले तर सापळा काढून ठेवा.

तुळशीच्या लग्नाला मी पुन्हा गावी गेले. सगळी कीड संपली होती असे मुळीच नाही. भिंगाने शोधल्यावर खोडाशी चार-पाच पिठ्या ढेकूण सापडलेच. पण शेंड्यांना नवी पालवी फुटली होती. दिरांनी कुंड्यांचा युरिया बंद केला होता आणि उरलेल्या औषधाची बाटली उंच फळीवर कुलपात ठेवली होती. अंतरपाट धरायच्या आधी सासूबाईंनी तुळशीवर पाणी शिंपडले. पुतणी वाकून थेंबाकडे पाहत होती. थेंब हिरव्या पानावरच थांबला होता.